शाखा कोणती?

“आर्ट्सलाच जायचं होतं तर येवल्यात कॉलेज नव्हतं का?”

काकांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अमेरिकेतल्या एका कॉलेजचा फॉर्म सेव्ह करत होते. त्यामुळे उलट बोलणं परवडणारं नव्हतं. “सायन्सपण असतं काका त्यात,” एवढंच म्हणाले.

“मग शाखा कोणती?”

“पहिली दोन वर्षं शाखाच नसते.”

काकांनी पप्पांकडे असं पाहिलं, जणू पोरीला कुणीतरी फसवतंय आणि बाप नुसता बसून बघतोय.

काकांचं चूक नव्हतं. आमच्याकडे प्रवेश म्हणजे टक्के, आणि टक्के म्हणजे मेरिट लिस्ट. दहावीला ९३ टक्के पडले म्हणून मी सायन्स घेतलं, कारण ९३ टक्क्यांना सायन्सच घेतात. आवडतं काय, हे कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. अकरावीच्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीनं लिंक पाठवली. अमेरिकेत शिकणारी काही भारतीय मुलं रविवारी रात्री फुकट मार्गदर्शन करायची. तिथं ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. छोटं निवासी कॉलेज, दीड-दोन हजार मुलं, शिक्षण फक्त पदवीपर्यंत. प्रोफेसर स्वतः शिकवतात, वर्गात पंधरा-वीस जण. आणि जीवशास्त्राबरोबर अर्थशास्त्र घेतलं तर कुणी हसत नाही. हे शेवटचं ऐकून मी सरसावून बसले. आमच्या घरात दोनच विषय चालतात: साठवणीच्या चाळीतला कांदा सडतो का आणि बाजारातला कांदा पडतो का. पहिला जीवशास्त्राचा, दुसरा अर्थशास्त्राचा. दोन्ही एकाच वेळी शिकायची सोय कुठल्या शाखेत आहे, ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव येवला आणि निफाडच्या शिवेवर. सहा एकर सामायिक जमीन, मका आणि कांदा. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजला मी एसटीनं जायचे, मुलींच्या मोफत पासावर.

कॉलेजांची यादी करायला बसले आणि पहिल्याच रात्री कळलं की इथं खरा प्रश्न पैशाचा आहे. वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर. मदत मिळते, पण तिचे दोन प्रकार. थोडी कॉलेजं ‘नीड-ब्लाइंड’, म्हणजे तुम्हाला किती पैसे लागणार हे न बघता निवड करणारी. परदेशी मुलांसाठी असं करणारी छोटी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अ‍ॅम्हर्स्ट आणि बोडन ही त्यांतली. बाकीची ‘नीड-अवेअर’. ती निवडलेल्या मुलाची गरज पूर्ण भागवतीलही, पण निवडतानाच तुमची गरज तराजूत टाकतात. स्वच्छ मराठीत सांगायचं तर गरीब असलात की दार अरुंद होतं. मला हे आधी कळलं ते बरं झालं. पुढे नकार आले तेव्हा सगळा दोष मी स्वतःकडे घेतला नाही.

आठ कॉलेजं ठरवली. आयोवातल्या ग्रिनेलचं नाव यादीत आलं ते त्यांच्या अर्जाला फी नव्हती म्हणून. यापेक्षा थोर कारण सांगता आलं असतं, पण खरं हेच. नंतर वाचलं की तिथं पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल तेवढं सक्तीचं, बाकीचे विषय आपल्या मार्गदर्शक प्रोफेसरबरोबर बसून ठरवायचे. मग ते नाव यादीत वर सरकलं.

‘अर्ली डिसिजन’ म्हणून एक प्रकार असतो. एकाच कॉलेजला नोव्हेंबरात अर्ज करायचा आणि घेतलं तर जायचंच. मार्गदर्शन करणारी दीदी (ती मूळची बिहारची, तिकडे तिसऱ्या वर्षाला होती) म्हणाली, कर, संधी जास्त असते. पण नोव्हेंबरपर्यंत माझे कागदच गोळा झाले नाहीत.

त्याला कारण नववी. ही कॉलेजं नववीपासून बारावीपर्यंतचे मार्क मागतात. माझी नववी २०२०-२१ची. कोरोनात परीक्षा झाल्या नाहीत आणि सरकारनं नववी-अकरावीच्या मुलांना सरसकट पुढच्या वर्गात घातलं. माझ्या गुणपत्रकावर मार्कांच्या जागी एकच शब्द: ‘वर्गोन्नत’. आता हा शब्द आयोवात कुणाला समजणार? शिवाय आमची नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्या संस्थेत, हेही तिकडे नवलच. शाळेच्या ऑफिसात गेले तर भाऊसाहेबांनी विचारलं, “बोनाफाईड पाहिजे की एलसी?” म्हटलं, “नववीत मार्क का नाहीत त्याचं पत्र पाहिजे.” ते हसले. “अख्ख्या महाराष्ट्राला नाहीत. पत्र कशाला?” शेवटी पत्र मीच इंग्रजीत टाइप केलं, मुख्याध्यापकांनी दोनदा वाचलं, सही-शिक्का दिला आणि वर म्हणाले, “बेटा, यात ‘कोविड’चं स्पेलिंग बरोबर आहे ना?”

ज्युनिअर कॉलेजात वेगळीच गाठ. अर्जात ‘काउन्सेलर’नं भरायचा भाग असतो. आमच्याकडे काउन्सेलर नाही, म्हणून ते काम उपप्राचार्यांकडे आलं. त्यांना येणारी लिंक कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर यायला हवी होती. त्या ईमेलचा पासवर्ड एकाच क्लार्ककाकांना माहीत, आणि ते दिवाळीच्या सुट्टीत सासुरवाडीला. त्यांनी फोनवर पासवर्ड सांगितला. त्यात त्यांच्या मुलीचं नाव होतं. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी तो बदलला.

पण मला सगळ्यात जड गेलं ते शिफारसपत्र.

जीवशास्त्राच्या मॅडमना विचारलं. ऐंशीची तुकडी, त्यांना माझं आडनाव माहीत होतं आणि मी तिसऱ्या बाकावर बसते एवढं. त्या आनंदानं हो म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींचं पत्र घेऊन आल्या: ‘शी इज सिन्सिअर, ओबीडियंट अँड पंक्च्युअल.’ मी थँक्यू म्हणाले. रात्री दीदीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, “ये तो किसी का भी हो सकता है.” आता मॅडमना हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ज्यांच्या हातात प्रॅक्टिकलचे मार्क आहेत त्यांना जाऊन म्हणायचं की तुम्ही लिहिलंय ते पुरेसं नाही?

तीन दिवस टाळलं. मग स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून एका दमात बोलून टाकलं. “मॅडम, ते लोक म्हणतात की एखादा प्रसंग लिहा, मी वर्गात काय केलं तो.” मॅडम चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं आता. त्या म्हणाल्या, “तू ती कांद्यावाली ना?”

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करून पेशींचं विभाजन बघायचं प्रॅक्टिकल असतं. त्यासाठी काही दिवस आधी कांदा ग्लासच्या तोंडावर असा ठेवतात, की त्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकावं. लॅबमधल्या कांद्यांना मुळं फुटेनात. मी घरून आमच्या चाळीतले उन्हाळ कांदे पिशवीत घालून नेले होते, आणि त्या दिवशी विचारलं होतं की लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्लांटमध्ये कोंब येऊ नये म्हणून कांद्याला किरण देतात, मग त्या कांद्याला मुळं फुटतील का? मॅडम म्हणाल्या होत्या, आणून बघ. मला काही तो कांदा मिळाला नाही आणि मी विसरून गेले. त्या विसरल्या नव्हत्या.

“अगं, हे लिहायचं असतं होय? मला वाटलं चारित्र्याचा दाखला पाहिजे!”

पत्र दोन पानांचं झालं. मला ते वाचता आलं नाही, कारण ते थेट कॉलेजांना जातं आणि बघण्याचा हक्क आपण आधीच सोडलेला असतो. एवढंच माहीत आहे की मॅडमनी मला दोनदा फोन केला. एकदा त्या प्लांटचं इंग्रजी नाव विचारायला, आणि एकदा, “तू घरून आणलेले कांदे किती होते गं? सात का आठ?”

फॉर्ममध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिटीज’ नावाचा भाग असतो. दहा रकाने, प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं. माझ्याकडे लिहायला काय? शाळेतली रांगोळी, तालुका पातळीवरची वक्तृत्व स्पर्धा, खो-खो. चार रकाने भरले आणि हात थांबला. दीदीनं विचारलं, दिवसभर काय करतेस? सांगितलं. शेतीची थ्री-फेज लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मी पप्पांबरोबर बारं द्यायला जाते. ते वाफ्यात, मी बॅटरी घेऊन मोटरपाशी. पाणी पुढच्या सरीला वळवलं की ते शिट्टी मारतात. लाइट गेली की मी ओरडते. विंचूकाट्याची भीती असते म्हणून अधूनमधून उगाच बोलत राहायचं. दीदी म्हणाली, हे लिही. मी म्हटलं, हे काय लिहायचं, हे तर काम आहे. तिनं फॉर्ममधली यादी उघडून दाखवली. तिथं खरोखरच एक प्रकार होता, ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’. दीडशे अक्षरांत रात्र बसवताना शिट्टी गाळावी लागली, ते अजून मनाला लागतं.

निबंध साडेसहाशे शब्दांचा. पहिला मसुदा मी अगदी वक्तृत्व स्पर्धेच्या थाटात लिहिला: मला लहानपणापासून समाजसेवेची आवड, शेतकऱ्यांच्या व्यथा, आणि शेवटी सुविचार. दीदीनं वाचलं आणि विचारलं, “यात तू कुठे आहेस?” दुसरा मसुदा डॉक्टर न होण्यावर. तिसरा कांदाचाळीवर. चाळीत आडवं होऊन जाळीतून हात घालायचा आणि सडका कांदा वासावरून शोधायचा. बाहेरून ठणठणीत दिसणारा कांदा बोटानं दाबला की बसतो, त्याला आंबूस वास येतो. तो काढला नाही तर शेजारचे चार घेऊन जातो. काजळी आलेला दिसतो तरी, हा दिसतही नाही. आजी हे काम नाकानं करते. मला जमायला दोन वर्षं लागली, आणि एकदा मी चुकीच्या बाजूनं सुरुवात केली म्हणून दोन क्विंटल गेले. ते दोन क्विंटल मी पप्पांपासून चार दिवस लपवले, हेही लिहिलं. शेवटी मात्र सवयीनं ‘यातून मी शिकले की’ असा परिच्छेद जोडला. दीदीनं तो उडवला. मी परत घातला, तिनं परत उडवला. असं तीनदा झालं. शाळेत बारा वर्षं तात्पर्य लिहून लिहून हाताला ती खोडच लागते.

आता पैशाचा फॉर्म. पाच कॉलेजांना ‘सीएसएस प्रोफाइल’ हवं होतं. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. म्हणजे ८९ डॉलर, तेव्हाचे साडेसात हजार रुपये, तेही आम्हाला पैशाची मदत हवी आहे हे सांगण्यासाठी. कॉलेजांना ईमेल केले. दोघांनी फी माफीचा कोड पाठवला, एकानं दुसरा फुकट फॉर्म भरायला सांगितलं. उरलेल्या दोघांसाठी नाशिकच्या मामाचं क्रेडिट कार्ड.

त्या फॉर्मला वाटतं की प्रत्येक घरात पगार येतो आणि प्रत्येक जण कर भरतो. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे पप्पांनी कधी रिटर्न भरलेलं नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला होता, पण त्यावरचा आकडा गावातल्या निम्म्या दाखल्यांवर असतो तोच. तो जोडायचा की नाही यावर पप्पांचं आणि माझं वाजलं. ते म्हणाले, “सरकारी शिक्का आहे, लाव.” मला भीती, की उद्या कुणी विचारलं तर खुलासा काय देऊ? शेवटी दाखला लावला, आणि सोबत बाजार समितीच्या तीन वर्षांच्या हिशोबपट्ट्याही. त्या पट्ट्या पत्र्याच्या डब्यात सुतळीनं बांधलेल्या होत्या. काहींवरची शाई उडाली होती. हमाली, तोलाई वजा करून, बियाणं, खतं, मजुरी, डिझेल मांडून दोन रात्री आम्ही बेरजा केल्या. पप्पांनी एवढ्या वर्षांत आपलं वर्षाचं उत्पन्न पहिल्यांदाच एका आकड्यात पाहिलं. ते काही बोलले नाहीत, उठून बैलांना वैरण टाकायला गेले.

मग सातबारा. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन निघतो, तो काढला. फॉर्म विचारतो: तुमच्या जमिनीची किंमत किती? पण जमीन ‘तुमची’ कुठे आहे? आजोबा गेल्यावर वारस लागले ते आजी, पप्पा, काका आणि दोन्ही आत्या. पाच नावं, वाटप झालेलं नाही. इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा. भाषांतराला बसले तर ‘पोटखराबा’ला शब्द सापडेना. शेवटी लिहिलं, ‘शेताच्या आत असलेली पण न पिकणारी जागा’. काकांना हे कळल्यावर ते जरा अस्वस्थ झाले. “अमेरिकेला आपला उतारा कशाला लागतो?” त्यांची समजूत आजीनं घातली. ती म्हणाली, “घेऊन जाणार आहेत का उचलून?”

पुढच्या वर्षाचं अंदाजे उत्पन्न लिहायचा एक रकाना होता. नोव्हेंबरच्या भावानं तो भरून ठेवला होता. त्या वर्षी आधीच ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, आणि पंधरवड्यात भाव निम्म्यावर आला. आमचा लाल कांदा तेव्हा काढणीला आलेला. पप्पा बाजारातून रिकाम्या ट्रॅक्टरवर यायचे तसे आले, जेवले, आणि मी लॅपटॉप उघडून तो आकडा बदलला. खाली खुलाशाच्या चौकटीत निर्यातबंदी म्हणजे काय ते लिहिलं. एका कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयातून महिन्याभरानं ईमेल आला: निर्यात बंद झाली तर देशातल्या देशात भाव का पडतो, जरा सांगाल का? उत्तर मी दीड पान लिहिलं. आयुष्यातला माझा पहिला अर्थशास्त्राचा पेपर म्हणायला हरकत नाही.

इंग्रजीची परीक्षा घरबसल्या देता येते, पण खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. आमच्या घरात असं होणं शक्य नव्हतं. मैत्रिणीच्या माडीवर, तिच्या भावाला जिन्यात पहाऱ्याला बसवून दिली.

५ जानेवारीच्या आत सगळे अर्ज गेले. २१ फेब्रुवारीला बारावीची परीक्षा सुरू झाली, त्यामुळे वाट बघायला सवड नव्हती.

मार्चअखेरीस निकाल आले. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. पाच नकार, एक प्रतीक्षा यादी. सातव्यानं घेतलं, पण वर्षाला अठरा हजार डॉलर आमच्यावर टाकले. ते पत्र पप्पांना वाचूनच दाखवलं नाही. आठवं ग्रिनेल. पत्र उघडलं तेव्हा आजी चूल पेटवत होती. मदतीचं पान वेगळं होतं. ते मी तीन वेळा वाचलं, मग मामाला फोन करून त्याच्याकडून वाचून घेतलं. आमचा वाटा वर्षाला तेवीसशे डॉलर. तोही कमी नाही, पण सोसायटीकडे न जाता जमवता येईल इतका.

पप्पांनी पहिलं काम काय केलं असेल, तर गुगलवर ग्रिनेल शोधून उपग्रहाचं चित्र उघडलं. नऊ-दहा हजार वस्तीचं गाव, चहूबाजूंनी मैल मैल लांबीचे चौकोन. त्यांनी बोटांनी मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. “काय लावतात गं?” म्हटलं, “मका. आयोवात सगळ्यात जास्त मका होतो.” ते हसायलाच लागले. “म्हणजे मकाच बघायला चाललीस!” मग बराच वेळ शांतपणे बघून म्हणाले, “बांध कुठंयत पण?” बांध नव्हतेच. काका मागून डोकावले. “एकाच्याच नावावर असंल सगळं,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला शाखा विचारली नाही. गावात मात्र सांगतात की पुतणी शेतीचं शिकायला गेली. मी दुरुस्त करत नाही.

२१ मेला बारावीचा निकाल लागला, ८७ टक्के. घरात सगळ्यांना वाटलं आता प्रवेश रद्द होतो की काय. नाही झाला. सेविसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० आणि व्हिसाचे १८५ डॉलर भरले, जूनमध्ये मुंबईला बीकेसीत मुलाखत झाली. रांगेत तीन तास, खिडकीपाशी तीन मिनिटं. वडील काय करतात? कांदा. खर्च कोण देणार? कॉलेज. हेच कॉलेज का? एवढी तयारी केलेलं उत्तर अर्ध्यातच थांबवून अधिकारी बाईंनी पासपोर्ट ठेवून घेतला.

जुलैत कॉलेजकडून शेवटचा फॉर्म आला, खोलीतली जोडीदार ठरवण्यासाठी. आवाज चालतो का, पसारा चालतो का, आणि तुम्ही रात्री उशिरापर्यंत जागता की पहाटे लवकर उठता. दोनच पर्याय. मी पप्पांना हाक मारली, “या आठवड्यात लाइट कधीची आहे?”

“रात्रीची. का गं?”